म्हाताऱ्या नाकाजिमाला पडदा द्या : फिल्म सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या आणि फिल्म क्लब चालवणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या चित्रपटांचा पुढचा महोत्सव आखाल तेव्हा त्यात १९५५ सालचा 'आय लिव्ह इन फिअर' घ्या. मूळ जपानी नाव 'इकिमोनो नो किरोकु'. तोहो कंपनीची निर्मिती, कृष्णधवल, लांबी १०३ मिनिटं.

आपल्याकडे कुरोसावावर जीव टाकणाऱ्यांची वाण नाही. 'राशोमोन' लागला की सभागृह भरतं. 'सेव्हन सामुराई'साठी लोक साडेतीन तास खुर्चीला चिकटून बसतात. 'इकिरू' संपल्यावर डोळे पुसत, कुणाशी काही न बोलता चपला शोधणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. 'थ्रोन ऑफ ब्लड' आणि 'रान' शेक्सपिअरच्या ओढीने नाटकवाल्यांना खेचून आणतात. ही यादी चुकीची आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण १९५४चा 'सेव्हन सामुराई' आणि १९५७चा 'थ्रोन ऑफ ब्लड' यांच्यामध्ये दरवेळी एक जागा रिकामी सोडली जाते, आणि ती जागा सोडली गेलीय हेही कुणाच्या लक्षात येत नाही. कुरोसावाने ज्या वर्षी सगळ्या जगाला आपल्या हातातली ताकद दाखवली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो काय करायला बसला, हे आपल्या प्रेक्षकाला माहीत नसणं मला खरोखर खटकतं.

आधी काळ सांगतो, कारण काळ बाजूला ठेवून या चित्रपटाकडे बघता येत नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट ताकदीचा तो स्फोट होता, आणि खुद्द चाचणी करणाऱ्यांच्या अंदाजापेक्षाही तो कितीतरी मोठा निघाला. याइझू बंदरातून निघालेली 'दाइगो फुकुर्यू मारू' ही मासेमारीची बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तरी तिच्यावर काही तासांनी पांढरी राख पडू लागली. बोटीवरच्या २३ जणांना किरणोत्साराची बाधा झाली. वायरलेस सांभाळणारे आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले. टोकियोच्या बाजारात ट्यूना मासे किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर लावून तपासले जाऊ लागले, आणि काटा हलला की पुरले जाऊ लागले. पावसात किरणोत्सार सापडला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी बॉम्बविरोधात सह्या गोळा करायला घेतल्या आणि १९५५च्या ऑगस्टपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. हिरोशिमा-नागासाकी होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती.

या वातावरणात कुरोसावाने, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनि यांना बरोबर घेऊन, एका म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली. किइची नाकाजिमा हा टोकियोतला फाउंड्रीचा, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याचा, मालक. स्वतःच्या मेहनतीने वर आलेला, हट्टी, रागीट, घरात त्याच्या शब्दापुढे शब्द नाही असा. कोल्हापूरच्या प्रेक्षकांना हा माणूस वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात भट्टीच्या धगीत उभे राहून कारखाना वाढवलेली असली माणसं त्यांनी जवळून पाहिली आहेत. या नाकाजिमाच्या मनात बॉम्बने घर केलंय. आधी त्याने उत्तरेत अकिता भागात जमिनीखाली घर बांधायला घेतलं, त्यात पैसा ओतला, मग तिथेही धोका आहे असं कळल्यावर ते अर्धवट सोडलं. आता त्याला अख्खं कुटुंब घेऊन ब्राझीलला जायचंय. तिथल्या एका जपानी शेतकऱ्याला मायदेशी परतून देह ठेवायचाय, त्याच्याशी जमिनीच्या अदलाबदलीचं बोलणंही झालंय. हे काही हवेतलं स्वप्न नव्हतं. १९०८ साली 'कासातो मारू' जहाजातून पहिले जपानी मजूर ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरले होते आणि युद्धानंतर ही वाट पुन्हा खुली झाली होती.

घरच्यांना अर्थातच हे मान्य नाही. फाउंड्री चालू आहे, घरं चालू आहेत, सगळं सोडून कुठे जायचं? तेव्हा ते कौटुंबिक न्यायालयात जातात आणि अर्ज करतात, की या माणसाला स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्यास असमर्थ ठरवावं. म्हणजे त्याला पैसा खर्च करता येणार नाही आणि ब्राझीलचा विषय आपोआप मिटेल. न्यायालयाच्या तडजोड समितीवर एक दंतवैद्य आहे, डॉक्टर हाराडा. ताकाशी शिमुराने केलेली ही भूमिका म्हणजे आपण, प्रेक्षक. तो सज्जन आहे, सामाजिक काम म्हणून हे सांभाळतो, आणि हळूहळू त्याला कळत जातं की समोरच्या म्हाताऱ्याच्या भीतीत चुकीचं काय आहे ते आपल्याला सांगता येत नाहीये.

इथे तुम्हाला एक प्रसंग जवळून दाखवायचा आहे. सुनावणीचा दिवस. भयंकर उकाडा. कोर्टाच्या बाहेरच्या जागेत सगळा गोतावळा जमलाय : लग्नाची बायको, मुलगे, मुली, जावई, सुना, आणि त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून नाकाजिमाच्या बाहेरच्या संबंधांतली माणसं. सगळे पंखे हलवताहेत, घाम पुसताहेत, कुजबुजताहेत, एकमेकांवर चिडताहेत. ज्या माणसाला वेडा ठरवायला हे सगळे आले आहेत, तो माणूस बाहेर जातो आणि थोड्या वेळाने थंड पेयांच्या बाटल्या घेऊन येतो. सगळ्यांसाठी. न बोलता, कपाळाला आठ्या घालून, तो त्या बाटल्या देत सुटतो. आपल्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या मुलाला देतो, तोंड वळवून बसलेल्यालाही देतो. कुणाचं तरी उन्हाने डोकं दुखेल, घसा सुकेल, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. कुरोसावा या प्रसंगावर कसलाही जोर देत नाही. पण ब्राझीलचा सगळा घाट म्हाताऱ्याने का घातलाय ते त्या बाटल्यांमध्ये आलेलं असतं, पुढे कुणी ते बोलून दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

आणि नाकाजिमा झालेला मिफुने! तोशिरो मिफुने तेव्हा ३५ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याने 'सेव्हन सामुराई'तला किकुचियो केला होता, माकडासारख्या उड्या मारणारा, छाती पिटणारा. इथे तो सत्तरीच्या आसपासचा म्हातारा झालाय : बारीक कापलेले पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पुढे झुकलेली पाठ, आवळलेला जबडा. सुरुवातीची पाच मिनिटं मेकअप जाणवतो, हे खरं. त्यानंतर तो जाणवेनासा होतो, कारण मिफुनेने म्हातारपण चेहऱ्यावर लावलेलं नाही, हातांत भरलंय. हातपंखा हलवायची त्याची पद्धत बघा. वारा घेण्यासाठी माणूस पंखा हलवतो तसा तो हलवत नाही. अंगातली चीड बाहेर फेकावी तसा तो त्या पंख्याचे फटके मारतो. तरुण नटाची अंगातली ताकद तशीच आहे, पण ती आता म्हाताऱ्याच्या हाडांत कोंडली गेलीय, आणि तीच नाकाजिमाची अवस्था आहे. मिफुनेच्या मोठ्या भूमिकांबद्दल बोलताना ही भूमिका विसरली जाते, याच्याइतका अन्याय मला दुसरा दिसत नाही.

एका प्रसंगात तो आपल्या तरुण रखेलीच्या, आसाकोच्या घरी बसलेला असतो. जवळच तान्हं मूल निजलंय. डोक्यावरून जेट विमानं कर्कश आवाज करत जातात. मग एकदम लखकन उजेड होतो. वीज चमकलेली असते, पाऊस येणार असतो, दुसरं काहीच नाही. पण तेवढ्या क्षणात म्हातारा झेपावलाय आणि मुलाला अंगाखाली घेऊन पालथा पडलाय. हिरोशिमाच्या आठवणी सांगणाऱ्या कितीतरी लोकांनी आधी तो प्रकाश सांगितलाय, आवाज मागून. कुरोसावाला स्फोट दाखवावाच लागत नाही. संपूर्ण चित्रपटात बॉम्ब कुठेही नाही, आणि बघणाऱ्याला मात्र पुढच्या वेळी वीज चमकली तरी दचकायला होतं.

इथे त्याच तोहो कंपनीचा 'गॉडझिला' आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १९५४मध्ये तो आला. दिग्दर्शक इशिरो होंडा हा कुरोसावाचा जुना मित्र, 'स्ट्रे डॉग'मधला त्याचा सहायक. त्यातही शिमुरा आहेच. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला राक्षस टोकियो तुडवतो, लोक किंचाळतात, आणि शेवटी राक्षस मरतो. लोकांनी तो तुफान उचलून धरला, आणि ते साहजिक होतं; ज्या भीतीला चेहरा नव्हता तिला चेहरा मिळाला, तिला मारताही आलं. वर्षभराने कुरोसावाने तीच भीती चेहऱ्याविना परत आणली आणि एका घराच्या दिवाणखान्यात बसवली. लोक आलेच नाहीत. चित्रपट तिकीटबारीवर सपशेल पडला. कुरोसावाला हे लागलं होतं आणि त्याने ते पुढे बोलूनही दाखवलं. १९५६च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता, तरी पुढे त्याच्या नावावर दुर्लक्षाची जी धूळ बसली ती बसलीच.

जे थोडे समीक्षक त्याच्यावर लिहितात, त्यांचा आक्षेप असा असतो की चित्रपटाची बाजू ठरत नाही. म्हातारा खरा की घरचे खरे? मला वाटतं, त्याची सगळी थोरवी याच जागी आहे, आणि तुमच्या सभागृहात वाद पेटायचा असेल तर इथेच पेटेल. घरचे लोक काही खलनायक नाहीत. धाकटा मुलगा जिरो स्वार्थी आहे खरा, पण त्याने विचारलेला प्रश्न रास्त आहे : ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच करता येत नाही त्याची काळजी करत बसून काय मिळणार? माणूस कधीतरी मरणारच. त्यावर नाकाजिमाचं उत्तर, माझ्या शब्दांत सांगायचं तर, असं आहे की मरायला माझी ना नाही, पण मला कुणी मारून टाकलेलं चालणार नाही. एवढ्या एका वाक्यात त्याने नैसर्गिक मृत्यू आणि हत्या यांच्यातली रेघ ओढलेली आहे. अणुयुगावर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांना ही रेघ इतकी साफ ओढता आलेली मी पाहिलेली नाही.

पण त्याच वेळी म्हातारा हुकूमशहा आहे, आणि कुरोसावा हेही लपवत नाही. त्याने ब्राझीलचं ठरवलं तेव्हा कुणाला विचारलं? कुणालाच नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, सुनांना नाही. त्याचं प्रेम आणि त्याचा हुकूम यांना वेगळं करता येत नाही. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा पेच ओळखीचा वाटेल : कर्ता माणूस सगळ्यांच्या भल्यासाठी निर्णय घेतो, तो निर्णय कदाचित बरोबरही असतो, आणि तरी घरातल्या कुणालाही तो आपला वाटत नाही. म्हाताऱ्या बायकोची, तोयोची, भूमिका करणाऱ्या एइको मियोशीकडे लक्ष ठेवायला सांगा प्रेक्षकांना. ती फार बोलत नाही. अर्जावर तिचं नाव घेतलं गेलंय, मुलांच्या आग्रहापुढे तिचं काही चाललेलं नाही. पण नाकाजिमा जेव्हा अखेर हुकूम सोडून घरच्यांपुढे गुडघे टेकून विनवण्या करायला लागतो, तेव्हा तीही त्याच्या बाजूला येऊन मुलांना विनवते. नवऱ्याचं म्हणणं तिला पटलंय का? मला नाही वाटत. पण त्याला असं वाकलेलं तिला बघवत नाही.

'इकिरू'शी याची तुलना करून बघा. म्हणूनच माझं मत आहे की दोन्ही एकाच दिवशी दाखवावेत, आधी 'इकिरू', मध्ये चहा, मग हा. 'इकिरू'तल्या कारकुनी साहेबाला, वातानाबेला, स्वतःचं मरण कळतं. ते ज्ञान त्याला मोकळं करतं. तो लहान मुलांसाठी बाग उभी करतो आणि बर्फात झोपाळ्यावर बसून गातो. नाकाजिमाला सगळ्यांचं मरण दिसतंय. त्याच्या ज्ञानाला करण्यासारखं काम नाही, कारण सगळ्यांना वाचवणारी बाग कुठे उभी करायची? जोवर ब्राझीलचा बेत हातात होता तोवर तो घाबरलेला नव्हता, उलट त्याच्या अंगात उत्साह होता. न्यायालयाने त्याचे हात बांधल्यावर वाटेत हाराडाशी त्याची गाठ पडते, तेव्हा तो सांगतो की आता मात्र खरी भीती वाटायला लागलीय, कारण आता काहीच करता येत नाही. हाराडाचा चेहरा त्या वेळी बघा. दोन्ही चित्रपटांत शिमुरा आहे. एकात मरणाला सामोरा जाणारा, दुसऱ्यात दुसऱ्याच्या सामोरं जाण्याला कायद्याने लगाम घालणारा. या दोन शिमुरांना एकाच संध्याकाळी बघणं हा सोसायटीच्या सभासदाला मिळू शकणारा फार मोठा लाभ आहे.

शेवटाकडे जाताना म्हातारा आपली फाउंड्री स्वतःच्या हाताने पेटवतो. त्याचं गणित सरळ आहे : कारखाना नसेल तर कुणाला इथे थांबायचं कारण उरणार नाही. चित्रपट अजून न पाहिलेल्यांसाठी मी इथे थांबायला हवं होतं, पण पुढच्या प्रसंगाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. आगीनंतर जळक्या लाकडांच्या, लोखंडाच्या ढिगाऱ्यात सगळे उभे आहेत. घरचे रडताहेत, चिडताहेत. आणि तेवढ्यात कामगारांमधून आवाज येतो, की तुम्ही वाचलात की झालं, आमचं काय? आपण गेल्या दीड तासात या कामगारांकडे नीट बघितलेलंसुद्धा नसतं. तेही कारखान्यातल्या यंत्रांसारखे मागे कुठेतरी होते. नाकाजिमा पार हादरतो. हे त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. तो चिखलात लोळण घेतो आणि म्हणू लागतो की तुम्हालाही नेतो, तुम्हा सगळ्यांना ब्राझीलला नेतो. एका माणसाच्या भीतीला आणि मायेला घराच्या उंबऱ्याबाहेर पाहायला लागणं किती उशिरा आणि किती किमतीत घडतं, ते कुरोसावाने त्या चिखलात दाखवलंय. माझ्या मते त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतल्या पहिल्या पाच प्रसंगांत हा बसतो, 'सेव्हन सामुराई'तली पावसातली लढाई धरूनसुद्धा.

पावसातल्या त्या लढाईचं नाव निघालंच आहे तर तंत्राची एक गोष्ट सांगतो. ती लढाई कुरोसावाने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून टिपली, हे आपले सगळे अभ्यासक सांगतात. ती पद्धत त्याने पुढे कायमची केली, आणि त्याची सुरुवात 'आय लिव्ह इन फिअर'पासून झाली. छायालेखक असाकाझु नाकाई. इथे घोडे नाहीत, तलवारी नाहीत. एका खोलीत वाद घालणारी दहा-बारा माणसं आहेत. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असल्यामुळे कुठला आपल्यावर रोखलाय ते नटाला कळत नाही, त्यामुळे कडेला बसलेला माणूससुद्धा सतत जिवंत राहतो. कोर्टातल्या प्रसंगांत मागच्या रांगेतले चेहरे बघत बसावं असे आहेत. एफटीआयआयच्या विद्यार्थ्यांना तुम्ही अनेकदा बोलावता. त्यांना यावर तासभर बोलायला लावा.

आता फुमिओ हायासाकाबद्दल. 'ड्रंकन एंजल', 'राशोमोन', 'इकिरू', 'सेव्हन सामुराई' यांचं संगीत त्याचं. कुरोसावाचा जिवाभावाचा मित्र. क्षयाने पोखरलेला हा माणूस एकदा कुरोसावाला म्हणाला की उद्याचा भरवसाच नसेल तर काम करायचं तरी कसं. ज्याच्या स्वतःच्या छातीत मरण बसलंय तो जगाच्या मरणाबद्दल बोलतोय, हे कुरोसावाच्या मनात रुतलं आणि चित्रपटाचं बीज त्यातून पडलं. चित्रपट पूर्ण होण्याआधीच, १५ ऑक्टोबर १९५५ रोजी, हायासाका ४१व्या वर्षी गेला. संगीत त्याचा शिष्य मासारू सातो याने पूर्ण केलं आणि पुढची दहा वर्षं, 'रेड बिअर्ड'पर्यंत, कुरोसावाचा संगीतकार तोच राहिला. २२ नोव्हेंबरला चित्रपट लागला. मित्राच्या जाण्याने कुरोसावा खचला होता, आणि काही ठिकाणी हे दिसतं. उत्तरार्धात वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर येतो आणि आपल्याला पडलेला प्रश्न आपल्याच तोंडावर सांगून टाकतो : हा वेडा, की या अशा जगात शांत राहू शकणारे आपण वेडे? हे वाक्य नको होतं. तोवर हा प्रश्न आपल्या मनात येऊन ठाण मांडून बसलेला असतो. पण लगेच नंतर कुरोसावा खिडकीतून मावळतीचा सूर्य दाखवतो. आपण पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर पोचलोय अशा समजुतीत असलेला नाकाजिमा त्या सूर्याकडे बघून ओरडतो की पृथ्वी पेटली, अखेर पेटली. तिथे त्या डॉक्टरच्या वाक्याचा विसर पडतो.

कुरोसावाची ही भीती एका चित्रपटापुरती नव्हती, हेही प्रेक्षकांना कळायला हवं. १९२३च्या भूकंपानंतर थोरला भाऊ हेइगो याने तेरा वर्षांच्या अकिराला प्रेतांनी भरलेल्या टोकियोतून फिरवलं होतं आणि तोंड फिरवू दिलं नव्हतं. डोळे मिटलेस तर भीती राहील, नीट बघितलंस तर जाईल, असं त्याचं म्हणणं. हे कुरोसावाने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. 'आय लिव्ह इन फिअर'मध्ये या शिकवणीची उलटी बाजू आहे : इथे नीट बघणाऱ्याची भीती जात नाही, वाढते. पुढे ऐंशीव्या वर्षी, १९९०च्या 'ड्रीम्स'मध्ये, त्याने फुजी पर्वतामागे अणुभट्ट्या फुटताना आणि लोक समुद्राकडे पळताना दाखवले. १९९१चा 'रॅप्सडी इन ऑगस्ट' नागासाकीवर आहे. ११ मार्च २०११नंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात पाहिलेल्या जगाला 'ड्रीम्स' आठवला, तसाच नाकाजिमाही आठवायला हवा होता.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. हॉलचं भाडं, परवानगी, रांगेत उभे राहून नाव ओळखीचं वाटलं तरच थांबणारा सभासद. शिवाय कुणी म्हणेल की हा हिरोशिमा दिनाचा चित्रपट, ६ ऑगस्टला एखाद्या माहितीपटाच्या जोडीला लावू. कृपा करून तसं करू नका. त्या दिवशी येणारे लोक आधीच हळहळायला आलेले असतात, आणि चित्रपट त्यांच्याकडून हळहळीपेक्षा कठीण गोष्ट मागतो. जैतापूरच्या वादाशी, तारापूरशी त्याला थेट जोडून जाहिरात करणंही टाळा. तारापूरच्या आसपास राहणाऱ्या प्रेक्षकाला जे वाटायचं ते वाटेलच, पण हा वीजप्रकल्पांवरचा चित्रपट नाही, आणि बाजू घेणारी पोस्टर लावली तर निम्मे लोक दारातूनच परत जातील. कुरोसावाचा एक मोठा चित्रपट, एवढीच ओळख पुरेशी आहे.

चर्चेला मात्र वेळ ठेवा. पाहुणा बोलवायचा तर चित्रपट समीक्षकाच्या जोडीला कौटुंबिक न्यायालयात समुपदेशन केलेल्या कुणाला तरी बोलवा. म्हाताऱ्या आईबापांना अव्यवहारी ठरवून सह्या घेण्याचे प्रकार त्यांनी रोज पाहिलेले असतात, आणि हाराडाच्या जागी बसण्याची घालमेल त्यांच्याइतकी कुणालाच कळणार नाही. कोल्हापूर, सांगली, नाशिक, औद्योगिक पट्ट्यातल्या सोसायट्यांनी एखाद्या जुन्या कामगार नेत्याला त्या चिखलातल्या प्रसंगावर बोलू द्यावं. प्रिंट किंवा डिजिटल प्रत मिळवताना सबटायटल्स नीट आहेत ना ते आधी बघून घ्या. कोर्टातल्या प्रसंगांत एकाच वेळी चार-चार जण बोलतात आणि ढिसाळ सबटायटल्समध्ये कोण काय बोललं तेच कळत नाही. पात्रांची नाती सांगणारं एक पानाचं मराठी टिपण दाराशी वाटलं तर पहिली वीस मिनिटं प्रेक्षक गोंधळणार नाही. ते टिपण मी लिहून देतो. तारीख ठरली की आठवडाभर आधी कळवा.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद